दप्तरं राखणारी

"लंगडे, तू दप्तरं राख."

पीटीचा तास लागला की आमचे वर्गशिक्षक सर असं म्हणायचे. सगळ्या वर्गादेखत. पोरं हसत जिना उतरायची. मी वरच. कुबडी भिंतीला टेकवलेली, भोवती सगळ्यांची दप्तरं. खाली मैदानावर शिट्टी वाजत राहायची.

कळंबच्या त्या शाळेत नववीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. मुलींची मुतारी खाली, तिलाही उंच पायऱ्या. म्हणून मी शाळेत पाणीच प्यायचे नाही. वर्ग खाली आणा म्हणून आई सांगायला आली, तर सर म्हणाले, "एका पोरीसाठी शाळा हलवायची का? घरी बसवा, शिवण शिकवा." आई मान खाली घालून निघून गेली. मला तिचा राग आला. मग स्वतःचा. आपलं सगळ्यांना ओझंच आहे, आपण नसलेलंच बरं, हे डोक्यात घर करून बसलं.

मी माझ्या वस्तू वाटायला लागले. रंगपेटी शेजारणीला दिली. कंपासपेटी दिली. जत्रेतल्या बांगड्यासुद्धा.

"लई दानशूर झाली की ही!" सर म्हणाले. वर्ग खो खो हसला.

विज्ञान शिकवणाऱ्या शेख मॅडम दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. पुढच्या पीटीच्या तासाला वर आल्या, दप्तरं सरकवून माझ्या बाकावर बसल्या आणि सरळ विचारलं, "बेटा, जीव द्यावा असं मनात येतं का?"

आधी मला चीडच आली. एवढं विचारायला कुणाला इतका उशीर लागतो? मग तोंडातून निघालं, "व्हय."

त्या दचकल्या नाहीत. रागावल्या नाहीत. आईबापाचा विचार कर, असंही म्हणाल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंस. आता तुला एकटी सोडत न्हाय," एवढंच. मी बोलत होते, रडत होते, तोवर त्या उठल्या नाहीत. मग मला सांगून आईला बोलावलं. दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघींना एसटीनं धाराशिवला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. परत येऊन मुख्याध्यापकांशी भांडल्या, "पोरीला नुसतं डॉक्टरला दाखवून काय उपयोग सर? जिना तसाच हाय की!" वर्ग खाली आला.

पुन्हा पीटीचा तास लागला. सर म्हणाले, "दप्तरं राख."

"न्हाय राखणार. आन् मला नावानं हाक मारा."

कुबडी उचलली आणि मैदानावर गेले. पोरं वळून बघत होती. तरी गेले.

आता मी लोहाऱ्याला शिक्षिका आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीला कमी ऐकू येतं. हल्ली ती कानातलं मशीन काढून ठेवते, डबा उघडत नाही, मैत्रिणींना आपली पुस्तकं देत सुटली आहे. मी तिला तेच विचारणार आहे, जीव द्यावा असं वाटतं का, असं काल स्टाफरूममध्ये सांगितलं.

"मॅडम, असलं विचारून पोरीच्या डोक्यात भलतं घालू नका," एक सर म्हणाले.

"विचारल्यानं येत न्हाय ते, सर. तुमचं 'बहिरे, मागं बस' तेवढ्याला पुरतं."

ते सर तडक मुख्याध्यापकांकडं तक्रार करायला गेले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही.

नोटीस काढायची तर काढा. आज मी तिच्यासमोर बसणार, माझे ओठ तिला दिसतील असं, आणि सरळ विचारणार. ती व्हय म्हणाली तर तिच्याजवळून हलणार नाही. आणि तिला बहिरी म्हणणाऱ्या तोंडाला तिचं नाव घ्यायला लावणार. भर वर्गात.