हातगाडीवरचे कपाट

चिखलीच्या तहसील कार्यालयात चिन्हवाटपाच्या दिवशी पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे आइस्क्रीम मागितले, आणि ते त्यांना मिळाले नाही.

उंद्रीतल्या आमच्या प्रभागात ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी दोनच उमेदवार होते आणि दोघांचीही पहिली पसंती आइस्क्रीम हीच होती. पप्पा तीस उन्हाळे गावात कुल्फी विकत आले होते. त्यांनी ते मागणे स्वाभाविक होते. समोरच्यानेही ते नेमके त्याच कारणासाठी मागितले होते. चिठ्ठी काढली गेली. आइस्क्रीम त्याला गेले, पप्पांच्या वाट्याला कपाट आले.

"कपाट तं कपाट," बाहेर येऊन पप्पा म्हणाले, "कुलूप तरी लागते त्याले."

माझे आजोबा मेवाडातल्या एका खेड्यातून कुल्फीचे साचे घेऊन इकडे आले. पप्पा इथेच जन्मले. उंबऱ्याच्या आत मेवाडी आणि बाहेर वऱ्हाडी अशी त्यांची भाषेची वाटणी आहे, आणि बाहेरची भाषा आतल्यापेक्षा अधिक सफाईदार आहे. हातगाडीमुळे ते रोज प्रत्येक गल्लीत जात. कोणत्या नळाला पाणी येत नाही, कोणत्या खांबावरचा दिवा गेला, कोणत्या म्हातारीचे निराधार योजनेचे कागद अडले, हे त्यांना ग्रामसेवकाच्या आधी कळे. संध्याकाळी गाडी लावून ते ग्रामपंचायतीत जाऊन सगळे सांगून येत. कोणत्याही पदाशिवाय हे वर्षानुवर्षे चालले. त्यांच्या राजकीय कारकिर्दीचा पाया एवढाच.

समोरचा उमेदवार मोठ्या शेतकरी घरातला, पप्पांचाच वर्गमित्र, स्वभावाने मिश्कील. त्याने पारावर एकच वाक्य सोडून दिले होते : "भाऊ लाख माणूस हाय. पण उद्या राजस्थानात निघून गेला, तं सही कोणाची घेसान?"

पप्पांनी ते हसण्यावारी नेले. मात्र त्यानंतर दोन दिवस त्यांनी भाजीतल्या मिठाबद्दल अवाक्षर काढले नाही, आणि आमच्या घरात ही गंभीर चिंतेची खूण मानली जाते.

मी तेव्हा अमरावतीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि सुटीला घरी आले होते. मला या परिस्थितीत एक सुबक प्रयोग दिसला. गावाला कुल्फी प्रिय आहे की कुल्फीवाला, हे आजवर तपासता येणे शक्य नव्हते. दोन्ही गोष्टी नेहमी एकाच वेळी दारात येत. मतदान यंत्रावर त्या प्रथमच वेगळ्या झाल्या होत्या. जेवताना मी हे मोठ्या उत्साहाने मांडले.

"अन् लोकायनं कुल्फीच निवडली तं?" पप्पांनी विचारले.

या शक्यतेचे उत्तर माझ्याजवळ होते, पण ते जेवताना सांगण्यासारखे नव्हते.

प्रचार सुरू झाला तशी अडचण आणखी स्पष्ट झाली. पप्पा घंटी वाजवत निघाले की विरोधी कार्यकर्ते टाळ्या वाजवत. "वाजवा भाऊ, वाजवा! आमचा प्रचार तुमच्यासारखा कोणालेच जमून नाही राह्यला!" धंदा बंद ठेवावा, असे मी सुचवले. पप्पांनी नकार दिला. गाडी दिसली नाही तर गेला पळून म्हणतील, हे त्यांचे म्हणणे तर्कशुद्ध होते.

मग मी उपाय काढला. गाडीवर लोकांना कुल्फीची पेटी दिसते. तिथे कपाट दिसले पाहिजे. जुनी प्रतिमा पुसायची असेल तर नवी प्रतिमा त्याच जागी ठेवावी. मम्मीच्या माहेरून आलेले लोखंडी कपाट आम्ही रिकामे केले, कपडे पलंगावर टाकले आणि कपाट गाडीवर चढवून दोरांनी आवळले. त्यावर लावायचा फलक चिखलीच्या छपाईवाल्याकडून संध्याकाळी मिळणार होता. पण मला धीर नव्हता. फलकाविना एक चाचणी फेरी घेऊ, असा मी आग्रह धरला. पप्पा गाडी ओढत पुढे, मम्मी कपाटाला हात लावून बाजूला, आणि खांद्यावर पत्रकांची भलीमोठी पिशवी घेऊन मी मागे, असे आम्ही निघालो.

दुसऱ्याच गल्लीत शेजारच्या काकू धुण्याची बादली टाकून रस्त्यात आल्या.

"काऊन हो भाऊ? बिऱ्हाड कुठं चाललं?"

पप्पांनी तोंड उघडण्याआधीच त्यांनी मम्मीचा दंड धरला. "अन् तू बी निघाली? माह्या लेकीचं लगन तोंडावर आलं अन् तुले आताच सुचलं? सोडा तो दोर, सोडा!"

"काकू, ही निशाणी आहे," मी म्हणाले.

"तू गप राय! शिकल्यावर तूच याईच्या डोक्यात भरवलं असन."

आम्ही घरी पोहोचण्याआधी बातमी गावभर झाली होती. अंगणात माणसे जमली होती. कोणी विचारत होते की कोण काय बोलले, कोणी समजूत घालत होते, आणि एक आजोबा गाडीच्या चाकाखाली दगड लावत होते. तेवढ्यात समोरचा उमेदवारच धापा टाकत आला आणि त्याने पप्पांची कॉलर धरली.

"काऊन बे? फारम भरून पळून चालला? बोललो असन मी गमतीनं, म्हणून काय घर मोडतं?"

"निशाणी हाय बे माही," पप्पा म्हणाले. "कपाट."

त्याने कपाटाकडे पाहिले, पप्पांकडे पाहिले, मग जमलेल्या मतदारांकडे. आपण नुकतेच काय केले हे त्याला, मला वाटते, माझ्याआधी कळले. "हात तुह्या मायले!" एवढेच म्हणून तो खाली बसला, आणि अंगणभर हशा पिकला. त्यानंतर राजस्थानचे वाक्य पारावर कोणीच काढले नाही.

पप्पा निवडून आले. फरक मोठा नव्हता. आइस्क्रीमलाही भरपूर मते पडली. माझ्या हस्तक्षेपामुळे प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या निकामी झाला होता, हे मी नमूद करते.

दुसऱ्या दिवशी गाडी ठरल्या वेळी निघाली आणि पहिल्याच गल्लीत अडकली. "मेंबर, हे नाली पाहा." "मेंबर, आधी इकडं या." एका बाईंनी त्यांना घरात नेऊन मोरी दाखवली. गाडी अंधार पडायच्या सुमारास परतली. मम्मीने पेटीचे झाकण उघडले. आत सगळे पातळ दूध झाले होते.

"एकही विकली नाही?" तिने मेवाडीत विचारले.

"इकायले टाइम कुठं भेटला?" पप्पा म्हणाले. उंबऱ्याच्या आत त्यांनी वऱ्हाडीत उत्तर दिले होते, आणि तेही इतक्या ऐटीत, की मम्मीचे रागावणे राहूनच गेले.