जाळं हातात येण्याआधी

“आधी हात धुऊन ये. वास येतो.”

गावच्या मंडळाचे अण्णा मला असं म्हणाले. देवळाच्या सभामंडपात, शंभर माणसांसमोर. मी पदर पसरून उभी होते. माझ्या पुढच्या बाईला त्यांनी काही म्हटलं नाही, मागचीलाही नाही. पण मी त्या दिवशी पहाटेपासून मजुरीवर दुसऱ्याचे बांगडे वाळूत पसरत होते आणि तशीच धावत आले होते. वास येत असणारच. मासळीचा वास मासळीवाल्या बाईला येणार नाही तर कोणाला येणार?

लोक हसले. सगळे नाही. जे हसले त्यांतले निम्मे आमच्याच वाडीतले होते.

मी विहिरीवर गेले. कळशी ओढली. वाळूने हात घासले. नखांत खवले अडकले होते ते काडीने काढले. पाणी खारट होतं, हातावरच्या चिरांत झोंबत होतं. मला राग आला होता का? नाही आठवत. मी नीट हात धुवत होते, एवढंच आठवतं. परीक्षेला बसल्यासारखी.

तेवढ्यात आत गाऱ्हाणं सुरू झालं.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावात कोणतंही काम देवाला सांगितल्याशिवाय होत नाही. गावकर, म्हणजे देवळाचा मानकरी, देवासमोर उभा राहून मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. काय झालं, काय हवं, सगळं सांगतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज चढतो, ‘रे म्हाराजा’ येतं, आणि जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ पाळण्यातलं पोर आईच्या कडेवर हे ऐकत मोठं होतं. शब्द ऐकावे लागत नाहीत. आवाज चढला की तोंड आपोआप उघडतं.

माझंही उघडलं. विहिरीवर, हात घासता घासता. आतून ‘रे म्हाराजा’ आलं आणि मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

कशाला व्हय म्हटलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आपला जिल्हा नवा नवा झाला होता त्या सुमाराची ही गोष्ट. दिवाळीच्या आधी वादळ झालं आणि आमच्या वाडीची जाळी गेली. होड्या काही वाचल्या, पण जाळ्याविना होडी म्हणजे वाळूत पालथं घातलेलं लाकूड. मुंबईतल्या आमच्या चाकरमान्यांनी वर्गणी काढून नायलॉनची नवी जाळी पाठवली. घरटी एक. पाठवली कोणाकडे? मंडळाकडे. का? कारण मंडळावर विश्वास होता. अण्णा निवृत्त हेडमास्तर, पांढरं धोतर, शुद्ध बोलणं. चहासुद्धा स्वतःच्या घरचा पिणारा माणूस. असा माणूस कशाला खाईल?

खरं सांगायचं तर अण्णांनी खाल्लं नाही. हे मला फार उशिरा समजलं, आणि समजल्यावर राग वाढला. चोर परवडतो. चोराला आपण चोर आहोत हे ठाऊक असतं.

त्या दिवशी जाळ्यांचे गठ्ठे देवासमोर रचून ठेवले होते. निळेशार. माझा नवरा त्यांच्याकडे एकटक बघत होता. मी हात धुऊन आले, हात पुढे केले. अण्णांनी माझ्या तळव्यांकडे बघितलं, मान हलवली आणि पदरात टाकलं एक तांदळाचं पुडकं आणि काठ उसवलेलं जुनं लुगडं. प्रत्येकाला तेवढंच मिळालं. गठ्ठे उचलून मंडळाच्या खोलीत गेले. आम्हाला वाटलं, उद्या नावं वाचून देतील.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा गेलो. अण्णा ओटीवर बसले होते. आम्ही अंगणात उभे.

“जाळी मंडळाकडेच राहतील,” अण्णा म्हणाले. “तुमच्या हातात दिली तर आठ दिवसांत बाजारात विकाल आणि गुत्त्यावर घालवाल. तुमच्या भल्याचंच बघतोय. सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणून द्यायचं. निम्मी मासळी मंडळाला. त्यातून तुमच्याच मुलांसाठी सभागृह होईल.”

माझा नवरा दारूला शिवत नव्हता. ते त्याने सांगितलं नाही. त्याने वेगळंच विचारलं.

“पण अण्णानू, गाराण्यात तर हरेक घराक जाळां पावलां असां म्हटल्यानी.”

“म्हटलं ना? आणि तुम्ही सगळे होय म्हणालात. देवासमोर.” अण्णा शांतपणे म्हणाले. “आता नाही म्हणता? मग खोटं कोण बोललं? मी, की तुम्ही?”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या हातांकडे. स्वच्छ होते.

आम्ही परत आलो. वाडीत सगळ्यांना तेच उत्तर मिळालं होतं. कोणी भांडायला उठलं नाही. देवासमोर ‘व्हय’ म्हटलेलं फिरवलं तर घरादारावर येतं, असं आमच्याकडे मानतात. मीही मानत होते. मे महिन्यात वर्गणी काढणारा चाकरमानी मुंबईहून आला. किनाऱ्यावर उभा राहून हौसेने विचारलं, “काय रे, जाळां कसां आसा?”

“बरां आसा,” माझा नवरा म्हणाला.

चाकरमानी समाधानाने मुंबईला गेला. पुढच्या वर्षी त्याने आणखी वर्गणी पाठवली असं ऐकलं.

निम्मी मासळी देऊन घर चालेना. नवरा गोव्याकडे ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला. सात महिन्यांनी परत आला तेव्हा उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. दोर ओढायच्या यंत्रात गेली. तो दारातून आत आला, पिशवी ठेवली, आणि म्हणाला, “जेवूक वाढ.” मी वाढलं. त्याने डाव्या हाताने कालवलं.

मग मी टोपली उचलली.

सुके बांगडे, गोलमो म्हणजे बारीक सुकी कोळंबी, खारवलेला मोरी मासा. पहाटेची एस्टी, कणकवलीचा बाजार. कंडक्टर टोपली टपावर चढवायला लावायचा आणि मला शेवटच्या बाकावर बसवायचा. पहिल्या महिन्यात मी रडत माल विकला, म्हणजे गिऱ्हाईक म्हणेल त्याला हो म्हणत गेले. मग एकदा एक बाई बांगडा नाकाशी धरून म्हणाली, “वास मारतोय, निम्म्यात दे.” मी तिच्या हातातून बांगडा काढून घेतला. म्हटलं, “वास नको तर फुलवाल्याकडे जा गो बाय.” ती गेली. चार दुकानं फिरून परत आली आणि मी सांगितलेल्या भावात घेऊन गेली.

त्या दिवशी धंदा शिकले. पहिला भाव समोरच्याच्या तोंडून काढायचा. आपण बघत राहायचं. आणि ‘होय’ हा शब्द सगळ्यात शेवटी. माल हातात, दाम हातात, मग होय. माझ्याकडचा सगळ्यात महाग माल तोच. मी तो एकदा विहिरीवर फुकट टाकला होता.

चार-पाच वर्षांत माझं स्वतःचं दुकान झालं. कोल्हापूरचे व्यापारी माझ्याकडे येऊ लागले. मी भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध आहे. खरं आहे ते. पण आणखी एक गोष्ट खरी होती, ती कोणी तोंडावर बोलत नसे. मी कोणाला काही देत नसे. पावती पुस्तक घेऊन आलेला माणूस दिसला की शिव्या. शाळेसाठी असो, आजाऱ्यासाठी असो. बाजारातला शेजारी नारळवाला म्हणायचा, “अगो, सगळेच काय खाणारे नसतत.” मी म्हणायचे, “माका ठावक आसा. न खाणाऱ्यांनीच माका बुडवलां.” तो हसायचा. त्याला वाटायचं, मी चेष्टा करतेय.

मग बऱ्याच वर्षांनी एका शिमग्याच्या सुमारास वाडीला आग लागली. नऊ झोपड्या जळल्या. मधल्या वर्षांत लोकांनी स्वतः घेतलेली जाळी आत होती, ती जळली. आमचं घर दुसऱ्या टोकाला, ते वाचलं. तिसऱ्या दिवशी शेवंती माझ्या दुकानावर आली. आमच्या वाडीतली, विधवा, दोन मुलगे होडीवर जाणारे. एवढ्या लांब एस्टीने आली होती. केसांना अजून धुराचा वास होता.

“गो, झिलांका एक जाळां घेवन दी. तुझे उपकार…”

मी तराजूतून मान वर केली नाही. म्हटलं, “मंडळाकडे जा.”

तिने पदर सावरला. मग गेली. मी गिऱ्हाईकाला माल तोलून दिला. दुपारी डबा उघडला आणि घास तोंडाशी नेला, तेव्हा मला माझ्याच हाताचा वास आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी डबा झाकला. अण्णांनी माझं जाळं ठेवून घेतलं होतं. ते मला ठाऊक होतं. माझा देणारा हातही त्यांनीच ठेवून घेतला होता, हे त्या दुपारी कळलं. आणि मी तो इतकी वर्षं त्यांच्याकडे राहू दिला होता.

दोन दिवसांनी आगीच्या मदतीसाठी खुद्द अण्णा आले. पावती पुस्तक घेऊन. म्हातारे झाले होते. वाडीतली ती हात धुतलेली बाई म्हणून त्यांनी मला ओळखलं नाही.

“बाई, तुमच्यासारख्या कर्तबगार स्त्रीने हातभार लावला पाहिजे,” ते हात जोडून म्हणाले. दुकानात मोरीचा घमघमाट होता. त्यांनी नाकाला हात लावला नाही. आता मी देणारी होते ना.

“पैसे देणार नाही,” मी म्हटलं. “जाळी देईन. नऊ. पण वाटप आधी, गाऱ्हाणं मागाहून.”

“असं कसं? आधी देवाला सांगायचं, मग वाटायचं. प्रथा आहे.”

मी गप्प राहिले. त्यांनी ते होय धरलं. माझ्या धंद्यात गप्प राहणं म्हणजे होय नव्हे. हे त्यांना कोण सांगणार?

नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, “कित्याक जातंस? देवाच्या दारात भांडाण नको.”

“भांडूक नाय जाणंय.”

“मगे?”

मी जाळी मोजायला घेतली. मलाही नीट माहीत नव्हतं.

जाळी भरलेला टेम्पो मी देवळाबाहेर उभा केला आणि किल्ली कमरेला खोचली. अण्णांनी मला पुढे खुर्ची ठेवली होती. मी बसले नाही. विहिरीपाशी उभी राहिले, जिथे हात धुतले होते तिथे. आत तेच गावकर, आता वाकलेले. आवाज मात्र तसाच.

“बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांची घरां आगीन खाल्ली. आज मंडळाच्या हातान हरेक घराक जाळां पावलां, कोण एक मागे ऱ्हवलो नाय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“नाय म्हाराजा,” मी म्हटलं.

मोठ्याने म्हटलं नव्हतं. पण त्या जागेने हा शब्द कधी ऐकलाच नव्हता. माणसं वळली. गावकरांनी डोळे उघडले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू, जणू मला संधी देत होते. या वेळी ‘व्हय’ कमी आला, विस्कळीत आला. मी पुन्हा तेच म्हटलं.

“बाई, देवासमोर काय बोलता हे!” अण्णा पुढे आले.

“देवासमोरच बोलतंय. जाळी टेम्पोत आसत. किल्ली माझ्या कमरेक. कोणाक पावली, ता सांगा.”

एका म्हातारीने कपाळावर हात मारला. “गाराणां मोडल्यान गो ह्या बायलेन!” नवरा खाली बघत होता. अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि मला दिसलं, त्यांना आता आठवलं. मी कोण ते आठवलं. त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मी टेम्पो किनाऱ्यावर नेला. जाळी वाळूत उतरवली. नऊ घरांपैकी तीन घरची माणसं आली. बाकीच्यांनी निरोप पाठवला, मोडलेल्या गाऱ्हाण्याचं जाळं आम्हाला नको. सहा जाळी परत गेली. आजही माझ्या दुकानाच्या माळ्यावर आहेत.

तिसरी शेवंती होती. तिने जाळं उचललं, माझ्या पायांकडे वाकू लागली. “देव तुझां बरां…”

मी तिचा दंड धरला. “आधी उकल. भोकां आसत काय बघ. मगे बोल.”

तिने माझ्याकडे रागाने बघितलं. मग खाली बसली. जाळं अख्खं वाळूवर पसरलं आणि एका टोकापासून डोळ्यांखालून घालू लागली, एकेक गाठ ओढून. बराच वेळ लागला. मी उन्हात उभी होते. बघून झाल्यावर तिने जाळं गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि पाया न पडताच निघून गेली. घरात कोणी आजारी पडलं की गाऱ्हाणं मोडल्याचा कोप म्हणून वाडीत अजून माझं नाव निघतं. मी घातलेला नारळ देवळात घेत नाहीत.

तरी मी जाते. दर गाऱ्हाण्याला जाते आणि विहिरीपाशी उभी राहते. गावकर मला बघून वाक्य जपून बोलतात, असं लोक म्हणतात. बोलोत, न बोलोत. मी देईन ते हातात देईन आणि घेणाऱ्याला उकलून बघायला लावीन, मग तो मला शिव्या देवो. आणि जे हातात आलं नाही, त्याला या तोंडातून होय निघणार नाही. देवाने स्वतः विचारलं तरी नाही.