उलटी परिक्रमा

आमच्या ह्यांना झटका आला आणि उजवं अंग गेलं. हात, पाय, आणि सोबत बोलणंही. फिजिओथेरपीला येणारी मुलगी म्हणाली, "आंटी, जो लौटना है, इन्हीं महीनों में लौटेगा. रोज चलाइए इनको." चलाइए म्हणणं सोपं आहे हो! आमच्या फ्लॅटमध्ये चार पावलांत भिंत संपते. काठी दिली की ती टाकून माझा दंड धरायचे, आणि माझे गुडघे हे असे. एकदा तर दोघंही आडवे झालो, शेजाऱ्यांनी उचललं.

राहता राहिली कॉलनीची बाग. आमच्या शहरातल्या गढा भागाजवळच्या या दाटीवाटीत मोकळी जागा तेवढी एकच. मधोमध नर्मदामैयाचं छोटंसं देऊळ, भोवती हिरवळ, हिरवळीला लोखंडी कठडा आणि त्याला लागून चालायची वाट. संध्याकाळी अख्खी कॉलनी तिथे फिरते, आणि सगळे एकाच दिशेने, वाटेवरच्या पांढऱ्या बाणाप्रमाणे, मैयाला उजव्या हाताला ठेवून. नर्मदेची परिक्रमा तशीच करतात ना, मग बागेत तरी कोण वेगळं चालेल?

आता माझं नशीब बघा. सगळ्यांसारखं चाललं की कठडा येतो उजवीकडे, आणि यांचा उजवा हात नुसता लोंबून राहिला आहे. डाव्या हाताने कठडा धरायचा तर उलटंच चालायला हवं.

पहिल्या संध्याकाळी मी यांना तसं उभं केलं. समोरून सगळा लोंढा. कोणी खांद्याला घासून गेलं, कोणी "अरे भैया, इधर से नहीं" करत थबकलं. यांनी कठड्यावरून हात ओढून घेतला आणि मागे वळायला धडपडू लागले. मला वाटलं, गर्दीला भ्याले. घरी आणलं, पाणी पाजलं आणि मनात म्हटलं, आता बघतेच एकेकाला.

तेव्हापासून मी भांडतच होते. सोसायटीचे सचिव म्हणजे यांचे फॅक्टरीतले जुने सोबती. ते म्हणाले, "भाभीजी, दोपहर में ले आइए ना, तब कोई नहीं रहता." कोणी काहून राहील? मे महिन्यात दुपारी बागेत कुत्रंही फिरकत नाही. तरी गेलो. कठड्यावर ओलं फडकं टाकलं, ते बघता बघता वाळलं, आणि यांचा चेहरा असा लालबुंद झाला की मीच घाबरून परत फिरले.

मग मीटिंग बोलवायला लावली. तिथे समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई मला समजावू लागली, "मैया को बाएँ लेकर चलना ठीक नहीं, दीदी. कुछ और बुरा हो गया तो?"

डोकंच फिरलं माझं. "और क्या होना बाकी है?" मी ओरडले.

सचिव हळूच म्हणाले, "भाभीजी, वो तीर तो भैया ने ही बनाया था."

खरंच होतं ते. रिटायर झाल्यावर यांनीच गुडघ्यांवर बसून वाटेवर तो पांढरा बाण काढला होता. उलटी सायकल घालणाऱ्या पोरांवर खेकसायचेही हेच. मी म्हटलं, "तब उनके दोनों हाथ चलते थे!" आणि तिथेच, सगळ्यांसमोर, ढसाढसा रडले. लाज गुंडाळून ठेवली. हात जोडले. बाग तुमचीही आहे, मान्य. पण तुम्हाला फिरायला पुढची वर्षं पडली आहेत, यांच्याजवळ हेच महिने आहेत.

मिळालं. आरतीच्या आधी अर्धा तास वाट आमची, बाकीचे थांबतील. आणि खरंच थांबले हो. दुसऱ्या दिवशी आम्हाला बघून सगळे हिरवळीवर, बाकांवर जाऊन बसले. मी यांना उलटं उभं केलं, डावा हात कठड्यावर ठेवला. म्हटलं, "चला, आता कोणी अडवणार नाही."

यांनी खाली पाहिलं. बाणाचं टोक यांच्याकडे होतं. पाऊल उचलेनात.

"चला ना. माझ्यासाठी तरी."

मान हलवली यांनी. नाही. मग कठडा सोडला, कसेबसे, हेलकांडत अख्खे फिरले आणि बाणाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले. डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, कठड्यावर ठेवला. तो घसरला. पुन्हा उचलून ठेवला. पुन्हा घसरला. माझ्याकडे बघत होते, डोळे भरलेले. त्या पहिल्या दिवशी हे गर्दीला भ्यालेच नव्हते. आणि यांच्या वतीने मी गावभर भांडत सुटले होते.

कॉलनीशी भांडले. आता कोणाशी भांडू, सांगा ना?

सचिवांनी धावत येऊन यांना धरलं, बाकावर बसवलं. मी तिथेच वाटेवर उभी राहिले आणि चपलेच्या टाचेने तो बाण घासायला लागले. सगळे बघून राहिले होते, बघू देत. घासघास घासला. टाच झिजली, पाय दुखून आला, रंग काही निघाला नाही. यांचं काम नेहमीच पक्कं असायचं.