दोन्हीकडची सही

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या हातून जे झालं त्याला माझी सख्खी बायको दोन दिवस हसत होती, तिथे तुमचं काय घेऊन बसलात!

दोन हजार चार साल असेल. आम्ही बदलापूरला राहायचो आणि मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला होतो. किती वर्षं? बावीस! ड्रम मोजायचे, चलान बनवायचं, खाली सही ठोकायची, टेम्पो गेटबाहेर. हातात चलान आलं की सही आपोआप व्हायची, त्यात माझा काही संबंधच नसायचा.

मग मोठे साहेब घरी बसले आणि त्यांचे चिरंजीव आले, एमबीए होऊन. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाले, "आपल्याला यंग टीम हवी." आणि बघितलं कुणाकडे? माझ्याकडे! पोरगी बारावीला, मी सत्तेचाळीसचा. या वयात मला कोण दारात उभं करणार?

मंदा, म्हणजे आमची ही, म्हणाली, "हाकलायची वाट बघणार आहात का? शोधा की दुसरी!"

पेपरात जाहिरात सापडली. उल्हासनगर, कॅम्प पाच, अनुभवी स्टोअरकीपर पाहिजे. बायोडेटा करायला गेलो तर टायपिंगवाल्या बाई म्हणाल्या, "भाऊ, अनुभवात एकच ओळ? पान अगदीच रिकामं दिसतंय हो." मग छंदांत वाचन, क्रिकेट आणि पोहणं घातलं. पोहणं मला आजही येत नाही.

आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचं एक चलान घाईघाईत बनवून ठेवलं. डोकं सगळं मुलाखतीत. सकाळी पीसीओवरून कंपनीत फोन लावला, "साहेब, पोट बिघडलंय." पोटाचं कारण बरं असतं, कुणी खोदून विचारत नाही.

उल्हासनगरात पोचलो. कंपनीच्या सिंधी शेठचा एकच गाळा, पण बाहेर तीन कंपन्यांच्या नावाच्या पाट्या! मी फक्त जाहिरातीतली बघितली. आत शिरून बायोडेटा दिला तर शेठ म्हणाले, "बैठो साईं, दस मिनिट." बसलो गेटजवळच्या बाकावर.

तेवढ्यात टेम्पो आला. वॉचमन चहाला गेलेला, स्टोअरमध्ये कुणी नाही. ड्रायव्हर नवीन, मला ओळखत नव्हता. सरळ माझ्यापुढे कागद नाचवत म्हणाला, "अंकल, माल उतर रहा है, जल्दी सही मारो! दुसरी ट्रिप है."

मी काय करायला हवं होतं? बरोबर. पण हातात चलान आलं ना! तेही किती ओळखीचं, गुलाबी कागद, कार्बनची निळी अक्षरं. अक्षरही काय सुरेख! मनातल्या मनात लिहिणाऱ्याचं कौतुक केलं, 'तीस ड्रम मिळाले'च्या खाली झोकात सही ठोकली, तारीख टाकली. ड्रायव्हर पोच घेऊन पसार, शेठची कॉपी माझ्या हातात.

तेव्हा कुठे नीट बघितलं. अहो, ते सुरेख अक्षर माझंच होतं! आमच्याच कंपनीचं चलान, शेठच्या दुसऱ्या पाटीच्या नावाने! डावीकडे 'माल पाठवणार', खाली माझी सही. उजवीकडे 'माल घेणार', खाली पुन्हा माझीच.

कागद खिशात कोंबणार तोच शेठचा म्हातारा मुनीम ड्रम मोजून आला आणि माझ्या हातातल्या चलानात डोकावला. "शेठ, चलान में तीस, माल अट्ठाईस. सही किसने किया?"

शेठनी बाहेर येऊन माझ्या हातातून चलान घेतलं. शेजारी बायोडेटा ठेवला, त्यावरही माझी सही. चष्मा वर केला, खाली केला.

"भेजनेवाला भी तुम, लेनेवाला भी तुम?"

"शेठ, वो क्या है, बाईस साल का एक्सपीरियन्स..."

"दिख रहा है. दो कम भेजा, वो तुम. दो कम लिया, वो भी तुम. अब बोलो साईं, कौन सी पोस्ट दूँ?"

मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पाया पडून निघालो.

दुसऱ्या दिवशी कंपनीत पाऊल टाकतो तर बोलावणं. धाकट्या साहेबांच्या टेबलावर ती गुलाबी पोच. नोकरी गेलीच म्हणून मी घरचा रस्ता मनात मोजायला लागलो.

"पोट कसं आहे?"

"बरं आहे साहेब."

"उल्हासनगरला जाऊन आलं वाटतं. त्यांनी घेतलं तुम्हाला?"

मी नाही म्हणून मान हलवली. साहेबांनी पोच फाईलला लावली.

"मग आता कुठे जाणार? बसा जागेवर. आणि ते दोन ड्रम स्वतः पोचवून या. सही शेठची आणा!"

नोकरी वाचली! डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू.

पण एमबीए माणूस, सिस्टिम केल्याशिवाय कसा राहील? आठवड्याभरात त्यांनी एक रबरी शिक्का बनवून आणला: 'माल घेणारी व्यक्ती आमची कर्मचारी नाही, याची खात्री करावी.' तो प्रत्येक चलानवर मारायचं काम आमच्या यंग टीममधल्या एका माणसाला नेमून दिलं.

रिटायर होईपर्यंत मारत होतो.