पातेल्यावरचा क्रूस

खाली लागलेल्या खिचडीचा वास आला की मला कारध्याची शाळा आठवते. वैनगंगेच्या पुरामुळे घरं सोडलेली माणसं तिथल्या ओलसर वर्गात बसली होती आणि जवाहरनगरहून आम्ही चर्चची मंडळी खिचडीचं पातेलं घेऊन गेलो होतो. वाढायच्या आधी आमच्यातल्या वयस्क बाईंनी, घरी करतात तसंच, डोळे मिटून कपाळापासून छातीपर्यंत आणि दोन्ही खांद्यांना हात लावत क्रूसाची खूण केली आणि पुटपुटत तीच खूण पातेल्यावरही केली. समोरच्या म्हातारीनं नातीच्या हातातलं रिकामं ताट ओढून घेतलं. “अन्नावर काय मंतरलं वो बाई?” “मंत्र नाही माय, जेवणाआधीची प्रार्थना हाय. सवयच हाय आमची,” म्हणत बाईंनी आधी स्वतः घास खाल्ला. म्हातारी हलली नाही. “तुमी चांगल्याच असान. पण उद्या गाव मले काय म्हणन?” मागची माणसं एकेक करत रांगेत आली, ती मात्र नातीचा दंड धरून बसून राहिली. पोरगी रडली नाही, नुसती वाफेकडे बघत होती. आता घरी जेवायला बसले की माझा हात सवयीनं कपाळापर्यंत जातो आणि तिथंच अडतो. समोरच्या ताटातून वाफ निघत असते.