वहिनीनं नाव घेतलं नाही

घोंगडीचा वास आला की साताऱ्याची ती कचेरी आठवते. आमच्या माण तालुक्यात तेव्हा दुष्काळ होता. वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरले होते आणि घराण्यातला पहिला बी. ए. असून मी बेकारच होतो. लढाईनंतर पलटणीतल्या थोरल्या भावानं इटलीतून लग्न करून आणलेल्या वहिनीची इथं राहायची मुदत संपत आली होती. वाढली नाही तर तिला परत जावं लागणार होतं. भावाला रजा मिळेना, म्हणून आई, वहिनी आणि खांद्यावर घोंगडी टाकलेला मी अर्ज घेऊन त्या कचेरीत गेलो. "नवऱ्याचं नाव?" साहेबांनी मराठीतच विचारलं. वहिनीनं पदर सावरला आणि मान खाली घातली. पुन्हा विचारलं, तरी गप्पच. साहेबांचा आवाज चढला, "नाव माहीत नाही? मग लग्न खरं कशावरून?" मी इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत आई पुढं सरली. "आवं सायेब, सून हाय ती माजी! चारचौघांत नवऱ्याचं नाव घील व्हय? तुमच्या घरात घेत्यात का?" कारकून फिसकन हसला, मग साहेबही. "देतो वाढवून. पण बाई, पुढच्या खेपेला उखाणा तयार ठेवा." त्या दोघींचा मला आजही अभिमान वाटतो. वहिनी पुढं या देशाची नागरिक झाली.