बीपीची गोळी आणि मंगलताईंची एकादशी

"यांचं बीपी उतरू दे, सोळा सोमवार करीन," असा नवस मी बोलले होते. महादेवाने ऐकलं, गोळीचीही साथ होती. बीपी उतरलं! पण उद्यापनाच्या आरतीला हे पाटावरून झटकन उठले, ते ताटासकट माझ्याच अंगावर! बीपीची गोळी घरात आली की असे किस्से साठतच जातात. आमच्या खांदा कॉलनीत तर मजल्यागणिक एक सापडेल.

*

डॉक्टरांनी यांना समजावलं, "काका, उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. मग नसा हुकूम सोडतात, हृदया, जोरात चाल! रक्तवाहिन्यांनो, आवळा! तुमच्या गोळीने तो हुकूम मवाळ होतो. म्हणून सावकाश उठा."

हे म्हणाले, "म्हणजे घरात कोणी ऐकत नाही, आता अंगातही नाही!"

आणि ताडकन उठले!

*

शेजारच्या मंगलताई मूळच्या चिरनेरच्या. त्यांनाही तसलीच गोळी. एकादशीला विचारलं, "गोळी घेतलीत?"

"नाय. उपास हाय ना!"

"अहो, गोळीने उपास मोडत नाही!"

"डॉक्टर बोलला, जेवल्यावर घ्या. आमी जेवलोच नाय!"

*

द्वादशीला त्यांनी कालची-आजची मिळून दोन गोळ्या घेतल्या, उठल्या आणि तुळशीपाशी कोसळल्या.

डॉक्टर चिडले, "गोळी सोडली की दाबून धरलेलं हृदय उसळतं, दोन घेतल्या की मान टाकतं! चुकलेली गोळी जोडून घ्यायची नसते."

"मंग उपासाला काय चालतं ते लिवून द्या!"

डॉक्टरांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं, 'एकादशीला गोळी चालते.'

*

त्याच सुमारास मंगलताईंची लेक संगीता बाळंतपणाला आली, मुलगी झाली. संगीताने बजावलं, "आई, बाळाला घेऊन उभं नाय रायचं. पडलीस तर?"

बारशाला नातीला पाळण्यात घालायची मंगलताईंना केवढी हौस! डोळे भरून आले त्यांचे. मी म्हटलं, "सराव करू." पाय खाली सोडायचे, अकरा वेळा नाम घ्यायचं, मग उठायचं. आठ दिवस मी ओरडतेय, "अहो, सातच झाली!"

बारशाला संगीताने घाबरत बाळ दिलं. मंगलताई खाटेच्या कडेला बसल्या, पाय टेकवले, डोळे मिटले. मी शेजारी हात पसरून उभी. काहीतरी विधी असणार म्हणून सगळ्या बायकांनी हात जोडले! अकरावं नाम झालं. त्या अलगद उठल्या आणि नातीला पाळण्यात ठेवलं. जराही डगमगल्या नाहीत!

संगीताच्या सासूबाईंनाही बीपीची गोळी. "ही रीत कुठली हो?" म्हणत त्या नातीला बघायला घाईघाईने उठू लागल्या.

मंगलताईंनी त्यांचा खांदा दाबला, "बसा, विहीणबाई! तुमी बी आदी अकरा नावं घ्या!"